मोटारसायकलचे हाफ इंजिन : घरी किती, लेथवर किती

हिरो होंडाची सीडी १०० ही मोटारसायकल १९८५ साली आणि त्याच घराण्यातील स्प्लेंडर १९९४ साली बाजारात आली, आणि हवेने थंड होणारे चार स्ट्रोकचे लहान इंजिन महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचले. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची वरखाली होण्याची चाल ४९.५ मिलिमीटर आणि या दोन मापांतून येणारे आकारमान ९७.२ घनसेंटिमीटर, एवढ्या साध्या रचनेचे हे यंत्र असल्यामुळे ते बिघडल्यावर घरीच उघडण्याचा मोह अनेकांना होतो, आणि तो मुळीच गैर नाही. हेड, ब्लॉक, पिस्टन आणि रिंगा एवढ्यापुरत्या कामाला गॅरेजमध्ये ‘हाफ इंजिन’ म्हणतात. क्रँककेस उघडून क्रँक, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि गिअरपर्यंत जावे लागले तर ते ‘फुल इंजिन’ होते. पहिले काम तयारी असलेल्या माणसाला अंगणात करता येते. दुसरे घरी करू नये, कारण क्रँकचे भाग सोडवण्यास व पुन्हा बसवण्यास प्रेस लागतो आणि ते एका रेषेत आले की नाही, हे डायल गेजशिवाय कळत नाही.

मात्र हाफ इंजिनातही खरी अडचण पान्यांची नसते, मोजमापाची असते. मिनिटाला ६००० फेऱ्या होत असताना पिस्टन सेकंदाला १०० वेळा वर आणि १०० वेळा खाली जातो. तो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि सिलिंडरची आतली भिंत बिडाची असते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून थंड इंजिनात या दोहोंमध्ये ठरावीक फट ठेवलेली असते आणि ती माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी असते. फट फार कमी राहिली तर तापलेला पिस्टन भिंतीला धरतो, म्हणजे इंजिन जाम होते. फार वाढली तर पिस्टन वाजू लागतो आणि रिंगांना भिंतीवरचे तेल खरवडून खाली ढकलणे जमत नाही. अशी फट डोळ्यांना दिसत नाही आणि बोटालाही कळत नाही. तिच्यासाठी एक शतांश मिलिमीटर दाखवणारा मायक्रोमीटरच हवा.

इंजिन उघडण्याआधी बिघाड कोठे आहे, याचा पुष्कळसा अंदाज बाहेरूनच घेता येतो. गाडी उभी राहिल्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना थोडा निळसर धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हचे सील संशयित ठरतात. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर पिळताच निळा धूर येत राहिला तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरचे आतले छिद्र, झिजलेले असते. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याची खूण आहे आणि त्यासाठी इंजिन खोलण्याचे कारण नाही. यापुढची परीक्षा कॉम्प्रेशन गेजची. स्पार्क प्लगच्या जागी गेज लावून, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून किक मारल्यावर दाब कमी आढळला, तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल टाकून तीच चाचणी पुन्हा करावी. तेलाने रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजते, त्यामुळे दाब वाढला तर दोष रिंगा-बोअरचा, आणि तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. ही चाचणी इतक्या कमी खर्चाची असताना तिला फाटा देऊन थेट पाने चालवले जातात, हे खेदाचे आहे.

जाम इंजिनाला जोराने किक मारणे हा सर्वांत घातक उपाय होय. प्लग काढून आत पातळ तेल सोडावे, रात्रभर मुरू द्यावे आणि गाडी वरच्या गिअरमध्ये घालून मागचे चाक हाताने मागेपुढे हलवावे. पिस्टन सुटायचा असेल तर असाच सुटतो. पुरात बुडालेल्या गाडीला तर हे अधिकच लागू आहे. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ साली चिपळूणमध्ये आले तसे पुराचे पाणी इंजिनात शिरले, तर ते हवेसारखे दाबले जात नाही, आणि तशीच गाडी सुरू केल्यास कनेक्टिंग रॉड वाकण्याची भीती असते. प्लग काढून पाणी बाहेर पडेपर्यंत आणि ऑइल बदलेपर्यंत बटणाला हात लावू नये.

हेड आणि ब्लॉक उतरवण्यापूर्वी फ्लायव्हीलवरची टी ही खूण आणि कॅमच्या दातेरी चक्रावरची खूण आपापल्या जागी जुळवून घ्यावी, म्हणजे पिस्टन सर्वांत वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद अशी स्थिती मिळते. जोडताना तीच स्थिती साधायची असते. ब्लॉक निघाल्यावर क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे, कारण पिस्टनची पिन अडवणारी छोटी सर्क्लिप आत पडली तर हाफ इंजिनाचे फुल इंजिन होते. याच वेळी कनेक्टिंग रॉड हातात धरून सरळ वरखाली ओढून पाहावा. बाजूला थोडा हलणे स्वाभाविक असते, पण वरखाली खेळ जाणवला तर खालचे बेअरिंग गेलेले आहे आणि वर नवा पिस्टन घालणे व्यर्थ आहे.

‘नुसत्या रिंगा टाकून बघू’ हा सल्ला वारंवार ऐकू येतो आणि बहुतेक वेळा तो पैसे वाया घालवतो. झिजलेला बोअर गोल राहत नाही. पिस्टन ज्या बाजूंना रेटला जातो तिकडे तो लंबवर्तुळाकार होतो, आणि गोल रिंग अशा छिद्राला सर्व बाजूंनी टेकूच शकत नाही. म्हणून बोअर वर, मध्ये व खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांनी मोजावा लागतो. पुस्तिकेतील मर्यादेपलीकडे झीज असेल तर मूळ मापापेक्षा ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठा, म्हणजे ओव्हरसाइज, पिस्टन घ्यावा आणि ब्लॉकबरोबर तो पिस्टनही लेथवर न्यावा, म्हणजे कारागिराला हातातल्या पिस्टनच्या मापाने बोअरिंग करता येते. त्यानंतर होनिंग करून भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उमटवल्या जातात. त्यांत तेल टिकते आणि नव्या रिंगा लवकर बसतात. काही नव्या वेगवान इंजिनांत बिडाच्या भिंतीऐवजी ॲल्युमिनियमवर कठीण मुलामा असतो. तेथे नेहमीचे बोअरिंग चालत नाही, ब्लॉकच बदलावा लागतो.

जोडणीत घाई नको. रिंगांवरील खूण वर, त्यांची तोंडे एका रेषेत न येता वेगवेगळ्या दिशांना, सर्क्लिप व गॅस्केट नवे, आणि हेडचे नट एकदम न आवळता तिरक्या क्रमाने दोन-तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने आवळलेले, इतके पाळले की काम निम्म्याहून अधिक साधते. भाग धुण्यास पेट्रोलऐवजी रॉकेल किंवा डिझेल वापरावे आणि तेही उघड्यावर. काढलेले ऑइल गटारात किंवा विहिरीच्या आसपास ओतणे हा अक्षम्य अपराध आहे. ते डब्यात साठवून जुने ऑइल घेणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्यावे.

पिस्टन का गेला, याचे उत्तर मिळाल्याखेरीज नवा घालणे मात्र घातक ठरते. या इंजिनात जेमतेम लिटरभर ऑइल असते आणि तेच पिस्टन, क्लच व गिअर या सर्वांना पुरवायचे असते. त्यातले पाव लिटर जळून गेले तरी चालकाच्या ते लक्षात येत नाही. क्लच याच तेलात भिजत असल्यामुळे मोटारीचे ऑइल घालून चालत नाही, डब्यावर जासो एमए ही प्रत पाहूनच घ्यावे. नवा बोअर पहिले काही शे किलोमीटर मध्यम वेगाने, एकाच गतीवर फार वेळ न ठेवता चालवावा, थंड इंजिनात टॅपेटची फट पुन्हा तपासावी आणि पहिले ऑइल लवकर बदलावे. काढलेल्या ऑइलमध्ये चुंबक फिरवून पाहावा. बारीक करडी पूड पहिल्या वेळी अपेक्षितच असते, पण चुंबकाला लोखंडाचे कपचे चिकटले, किंवा त्याला न चिकटणारे ॲल्युमिनियमचे चकचकीत तुकडे तळाशी दिसले, तर गाडी तेथेच थांबवून हेड पुन्हा उतरवावे.