खेळांचा संगणक आणि खिशातले रुपये



काही दिवसांपूर्वी इंदूरहून माझ्या भाच्याचा फोन आला. तो म्हणाला, "मामा, दोन वर्षे शिकवण्या करून एक लाख रुपये जमवले आहेत. नवे खेळ उत्तम चालतील असा संगणक जुळवायचा आहे. सुट्या भागांची यादी केली आहे. तुम्ही ती एकदा डोळ्यांखालून घाला." यादी आली. तीत सर्वांत महागडा प्रोसेसर होता, तो पाण्याने थंड राखणारी यंत्रणा होती, तिन्ही बाजूंनी काचेची पेटी होती आणि तीत रंगीबेरंगी दिव्यांचे सहा पंखे होते. एवढा थाट झाल्यावर जे उरले, त्यात एक लहानसे ग्राफिक्स कार्ड बसवले होते. पॉवर सप्लाय मात्र पेटीबरोबर फुकट मिळणारा. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशी ती यादी होती.

मुलाचा दोष नव्हता. दुकानात जे चमकते त्याकडे डोळा जातो आणि जे खरे काम करते ते पेटीच्या आत झाकलेले असते. म्हणून कोणता भाग काय करतो हे आधी समजून घ्यावे आणि मग पैशांची वाटणी करावी.

पडद्यावरचा खेळ म्हणजे एकामागून एक झरझर दाखवलेली चित्रे होत. सेकंदाला साठ चित्रे हवी असतील, तर प्रत्येक चित्र सुमारे साडेसोळा मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते. 144 हवी असतील, तर सातच मिलिसेकंद हाती राहतात. या अवधीत दोन कामे होतात. कोण कोठे आहे, कोणाची धडक कोणाला बसली, शत्रूने आता काय करावे, हा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबाप्रमाणे प्रत्यक्ष चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते.

घरच्या कार्यातील पुऱ्यांचा घाणा डोळ्यांपुढे आणा. एक जण पुऱ्या लाटतो, दुसरा तळतो. लाटणारा मंद असेल, तर कढई कितीही मोठी आणली तरी पंगतीला पुऱ्या लवकर पोचत नाहीत. तळणारा मंद असेल, तर लाटलेल्या पुऱ्यांची नुसती चळत वाढते. दोघांपैकी जो सावकाश, त्याच्या गतीनेच पंगत चालते. प्रोसेसर हा लाटणारा आणि ग्राफिक्स कार्ड हा तळणारा. संगणकशास्त्रज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 साली मांडलेल्या नियमाचे सारही याच्याशी मिळतेजुळते आहे. कामाचा जो अंश मुळातच थोडा वेळ घेतो, तो कितीही वेगवान केला तरी एकूण कामात फारशी बचत होत नाही.

आता यांपैकी मंद कोण ठरणार? ते बऱ्याच अंशी पडद्यावर अवलंबून असते. म्हणून मी भाच्याला पहिला प्रश्न मॉनिटरचा विचारला. 1920 गुणिले 1080 या मापाच्या पडद्यावर सुमारे 20 लाख 74 हजार बिंदू असतात, 2560 गुणिले 1440 मध्ये 36 लाख 86 हजार, आणि ज्याला फोर-के म्हणतात त्या 3840 गुणिले 2160 मध्ये 82 लाख 94 हजार. म्हणजे पहिल्या पडद्याच्या चौपट. बिंदू वाढले की रंगवण्याचे काम वाढते, हिशेबाचे काम जवळजवळ तेवढेच राहते. तेव्हा पडदा मोठ्या मापाचा असेल, तर पैसा ग्राफिक्स कार्डाकडे वळवावा. पडदा लहान मापाचा असून अतिशय वेगवान खेळ खेळायचे असतील, तर प्रोसेसरकडेही लक्ष द्यावे. आणखी एक गोष्ट. मॉनिटर सेकंदाला साठ वेळाच चित्र बदलत असेल, तर दीडशे चित्रे काढणाऱ्या यंत्राचे बरेचसे श्रम वाया जातात. म्हणून आधी मॉनिटर ठरवावा आणि मग यंत्र.

ज्यांच्याकडे जुना संगणक आहे, त्यांना एक परीक्षा घरबसल्या करता येईल. खेळात चित्राचे माप कमी करून पाहावे. चित्रांची गती वाढली, तर ग्राफिक्स कार्ड अपुरे पडत होते असे समजावे. गती तशीच राहिली, तर अडचण बहुधा प्रोसेसरपाशी आहे. एवढ्याने अनेकांचा अनावश्यक खर्च टळू शकतो.

मॉनिटर वेगळा ठेवला, तर उरलेल्या शंभर रुपयांतील चाळीस ते पंचेचाळीस ग्राफिक्स कार्डाला, पंधरा ते वीस प्रोसेसरला, आणि बाकीचे मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय व पेटी यांना द्यावे, असे माझे साधारण प्रमाण आहे. बाजार हलला की हे प्रमाणही हलते. 2025 च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव एकदम चढले. अशा वेळी पेटीतले दिवे कमी करावेत, पण रॅम अपुरी घेऊ नये. आजच्या खेळांना 16 जीबी ही किमान गरज आहे आणि 32 जीबी असल्यास ऐसपैस होते. तीही एका पट्टीत न घेता सारख्या दोन पट्ट्यांत घ्यावी, म्हणजे प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. डीडीआर-4 ची पट्टी डीडीआर-5 च्या खाचेत बसत नाही, हेही ध्यानात असावे.

नावांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. 2016 साली जीटीएक्स 1060 या एकाच नावाची दोन कार्डे बाजारात होती, एक 6 जीबीचे आणि एक 3 जीबीचे. फरक केवळ स्मृतीचा आहे असे कोणालाही वाटावे. वस्तुतः पहिल्यात 1280 गणनकेंद्रे होती आणि दुसऱ्यात 1152. नाव एक, माल दोन! तेव्हा पेटीवरचा मोठा आकडा वाचून भुलू नये. आपण जे खेळ खेळणार, त्या खेळांत, आपल्याच मापाच्या पडद्यावर, ते कार्ड सेकंदाला किती चित्रे काढते, याच्या स्वतंत्र चाचण्या पाहाव्यात.

मदरबोर्ड निवडताना पुढच्या चार वर्षांचा विचार करावा. प्रोसेसर ज्या बैठकीत बसतो, ती बैठक कंपनी किती काळ चालू ठेवते हे महत्त्वाचे असते. एएमडीची एएम-4 ही बैठक याचे चांगले उदाहरण आहे. 2017 साली घेतलेल्या अनेक मदरबोर्डांवर, त्यांची अंतर्गत आज्ञावली अद्ययावत केल्यावर, 2022 सालचा प्रोसेसरही चालला. ज्यांनी पाच वर्षांपूर्वी विचार करून खरेदी केली होती, त्यांना सारे घर न पाडता एक खोली नवी करता आली.

आता सर्वांत उपेक्षित भाग, पॉवर सप्लाय. येथे मी माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मीही पेटीबरोबर आलेला स्वस्त पॉवर सप्लाय वापरला होता. जून महिन्यातील एका संध्याकाळी वीज दोनदा गेली, दोनदा आली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा जळका वास सुटला. तो स्वतः गेलाच, जाताना मदरबोर्डलाही घेऊन गेला. वाचवलेल्या रुपयांच्या कितीतरी पट रुपये मला भरावे लागले. म्हणून येथे काटकसर करू नये. ग्राफिक्स कार्ड 220 वॅट, प्रोसेसर 120 आणि बाकीचे भाग 60 वॅट घेत असतील, तर बेरीज 400 होते. परंतु कार्डाची मागणी क्षणभर एकदम उसळते, म्हणून चांगल्या घडणीचा 600 ते 650 वॅटचा पॉवर सप्लाय घ्यावा. '80 प्लस' ही खूण 2004 पासून रूढ आहे. ती विजेचा अपव्यय किती होतो हे सांगते, आतील घडण चांगली आहे याची हमी देत नाही.

यूपीएस घेतानाही असाच हिशेब करावा. 85 टक्के कार्यक्षमता धरली, तर आतील 400 वॅटसाठी भिंतीतून सुमारे 470 वॅट ओढले जातात. 600 व्हीए असे लिहिलेला यूपीएस साधारणतः 360 वॅटच पेलतो. व्हीए आणि वॅट हे दोन आकडे एक नव्हेत, हे ठाऊक नसल्याने कित्येकांचा संगणक वीज जाताच बंद पडतो.

पेटी काचेची असावी की जाळीची? वैशाखात हैदराबाद वा इंदूरच्या खोलीत बसून हा प्रश्न विचारावा. पुढचे तोंड काचेने बंद असेल, तर गार हवा आत जाणार कोठून? यंत्र तापले की आपण होऊन गती कमी करते. जाळीची साधी पेटी आणि दोन-तीन चांगले पंखे पुरेसे होतात. पेटीत कार्डाची लांबी मावते ना, हे मात्र मोजून घ्यावे.

जुना माल घ्यावा का? घ्यावा, पण पारखून. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि चलन 'खणण्यात' रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. असे कार्ड समोर अर्धा तास चालवून पाहिल्याखेरीज पैसे मोजू नयेत. एसएसडी आणि पॉवर सप्लाय मात्र नवेच घ्यावेत.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड, सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर, अशा बाजारांत भाव तोंडी बोलला जातो. तेथे पक्के बिल मागावे, त्यावर प्रत्येक भागाचा क्रमांक लिहून घ्यावा आणि हमी भारतात लागू आहे ना, हे विचारावे. बिलाविना मिळालेली सवलत ही पहिल्या बिघाडापर्यंतच सवलत असते.

भाच्याने यादी बदलली. मध्यम प्रोसेसर, साधा वाऱ्याचा कूलर, जाळीची पेटी, चांगला पॉवर सप्लाय, आणि पूर्वीपेक्षा दोन पायऱ्या वरचे ग्राफिक्स कार्ड. शिवाय यूपीएसपुरते पैसेही उरले. तरी शेवटी तो थोडा खट्टू होऊन म्हणाला, "पण मामा, आता यात दिवे नाहीत हो." मी म्हटले, "दिवे दिवाळीला घे. दोन वर्षे शिकवण्या केल्यास, त्या दिव्यांसाठी नव्हेत."