घुशीचं बिऱ्हाड

दिवाळीच्या साफसफाईत माळा होतो, कपाटं होतात, फराळाचे डबे घासूनपुसून होतात. परस मात्र शेवटच्या दिवसापर्यंत राहून जातं. मग पायऱ्या धुताना कुणाच्या तरी लक्षात येतं, की कंपाउंडच्या भिंतीलगत घमेलंभर भुसभुशीत माती वर आली आहे, कर्दळीचं बेट एका अंगाला कललं आहे आणि दारातले दोन पेव्हर ब्लॉक पाय पडला की डुगडुगतात. चार महिने वर गवत माजलेलं होतं आणि खाली घूस निवांत खणत होती.

पहिली शंका सापाची येते. साप स्वतः असं बीळ खणत नाही, उंदीर-घुशींचं आयतं वापरतो. तोंडाशी ताज्या मातीचा ढीग, मूठ सहज आत जाईल एवढं भोक आणि आसपास कुरतडलेल्या अळकुड्या किंवा सुरणाचा गड्डा दिसला, की ती मोठी घूस समजावी. ही किलोभरापर्यंत भरते. दुसरी लहान घूस, शास्त्रज्ञांची बॅन्डिकोटा बेंगालेन्सिस. शेतातलं धान्य बिळात ओढून नेणारी ती हीच, आणि शहरातल्या गोदामांतही तिचंच राज्य. कोलकात्यातल्या या घुशींवर स्पिलेट नावाच्या अभ्यासकानं केलेलं काम मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं 1968 साली पुस्तकरूपानं काढलं होतं.

या गडबडीत बळी जाते ती चिचुंद्री. टोकदार नाक, बारीक डोळे, भिंतीच्या कडेनं चिक्‌चिक् करत पळणारी. ती उंदरांच्या कुळातली नव्हेच. झुरळं, किडे हे तिचं खाणं. वास मारते हा तिचा गुन्हा, पण त्यासाठी जीव घेण्याचं कारण नाही.

घुशीचं बीळ वरून दिसतं त्याहून पुष्कळ मोठं असतं. आत बोगद्यांचं जाळं, पिलांसाठी पाला-चिंध्या पसरलेली खोली, कधी धान्याची कोठारं. शिवाय पळवाटा, त्याही सैल मातीनं बुजवलेल्या, म्हणजे वरून पत्ता लागू नये. म्हणून दिसलेल्या एका तोंडात मिरच्यांचा धूर घालून फारसं काही साधत नाही. रायगड-ठाण्याकडची कातकरी मंडळी भातकापणीनंतर बांधावरची बिळं खणतात, तेव्हा आधी भोवताली हिंडून सगळी तोंडं हेरतात, दगडमाती ठोकून ती बंद करतात आणि मगच खणायला घेतात. आतला भातही निघतो आणि उंदीरही खाण्यात जातो. ती नजर आपल्याकडे नसली तरी एक सोपी युक्ती आहे. संध्याकाळी झाडून सगळी भोकं मातीनं बुजवावीत आणि सकाळी जाऊन पाहावं. जी पुन्हा उघडली असतील ती ‘जिवंत’ बिळं. पुढची मेहनत तिथेच करायची. बिळात पाण्याची नळी मात्र सोडू नये. जोत्यालगतच्या पोकळीत पाणी भरणं म्हणजे घुशीनं अर्धवट सोडलेलं काम आपण पुरं करून देणं.

डांबरगोळ्या, फिनेल, तिखटाची पूड, प्लगला लावायची किणकिणती यंत्रं यांवर लोक पैसे घालतात. घूस फार तर चार दिवस बिचकते आणि मग सरावते.

माझं मत सांगायचं, तर घुशीविरुद्धचा निम्मा लढा स्वयंपाकघरातून लढवावा लागतो. ती आपल्या परसात येते ती उष्ट्याखरकट्यासाठी. उघडा कंपोस्टचा खड्डा, कुत्र्याच्या ताटलीत रात्रभर पडलेला भात, कबुतरांना घातलेली ज्वारी, झाडाखाली सडणारे चिकू आणि मोरीचं तुंबलेलं पाणी ही तिची रोजची पंगत. हे चालू ठेवून पिंजऱ्यात दोन घुशी पकडल्या तर काय होतं? मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-आठ पिलं सहज होतात. ती कमी पडली तर शेजारच्या परसातून भरती येते. कंपोस्ट बंद करा असं मी म्हणत नाही. त्याच्या तळाला आणि बाजूंना अर्धा इंची वेल्डमेश जाळी लावावी, वर घट्ट झाकण ठेवावं आणि मासळीचे काटे, मटणाची हाडं, तळणीतलं उरलंसुरलं त्यात टाकू नये.

दुसरा भाग गवंडीकामाचा. ड्रेनेजच्या फुटक्या चेंबरमधून घुशी ये-जा करतात आणि उकरलेल्या मातीनं लाइन तुंबवतात. चेंबरचे सांधे भरून घ्यावेत आणि बाहेर पडणाऱ्या पाइपांना जाळी बसवावी. भिंतीलगत दीड फूट खोल चर खणून तीच वेल्डमेश जाळी उभी पुरावी आणि तिचं तळाचं फूटभर टोक बाहेरच्या अंगाला वळवावं. घूस भिंतीला चिकटून खाली उकरते. जाळी लागली की मागे सरकून लांबून खणायचं तिला सहसा सुचत नाही. बीळ रिकामं झाल्याची खात्री पटल्यावरच त्यात दगड, फुटक्या काचा आणि सिमेंट भरावं, नाहीतर ती हातभर अंतरावर नवं दार काढते.

पिंजरा लावायचा तर घुशीचाच, जाड सळ्यांचा घ्यावा. आमिषाला भाजलेलं खोबरं, सुका बोंबील किंवा कालचा बटाटेवडा चालतो. नवी वस्तू दिसली की ही जात दूर राहते. त्यामुळे पहिल्या काही रात्री दार बांधून उघडंच ठेवावं, तिला आत येऊन खाऊन जाऊ द्यावं आणि मग चाप लावावा. पकडलेली घूस नाल्यापलीकडे सोडून येणं म्हणजे आपली कटकट दुसऱ्याच्या आळीत पाठवणं. त्यापेक्षा पालिकेला किंवा पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवावं. मुंबई महापालिका तर रात्रपाळीचे मूषक संहारक ठेवते. बॅटरी आणि काठी घेऊन रात्रीत 30 उंदीर मारायचे, असं त्यांचं उद्दिष्ट असतं.

विष सगळ्यांत शेवटी. झिंक फॉस्फाईड पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फीन हा विषारी वायू तयार करतं आणि त्यावर उतारा नाही. कुत्र्यानं किंवा रांगत्या पोरानं तोंडात घातलं तर डॉक्टरांचेही हात बांधलेले असतात. शिवाय थोडंसं खाऊन वाचलेली घूस पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या रक्त गोठू देत नाहीत. त्यांचं काम संथ, काही दिवसांचं, म्हणून घुशीला संशय येत नाही. आणि व्हिटॅमिन के-1 हा उतारा उपलब्ध आहे. पण त्या मरणपंथाला लागलेल्या घुशी उघड्यावर येतात आणि त्यांना खाणाऱ्या गव्हाणी घुबडाच्या पोटातही ते विष जातं. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या तर घरी आणूच नयेत. त्यांचा वापर कायद्यानंच प्रशिक्षित माणसांपुरता ठेवला आहे.

गव्हाणी घुबड, मुंगूस आणि धामण हे आपले फुकटचे गडी. धामण थेट बिळात शिरून पिलांपर्यंत पोहोचते. गायीच्या पायांना वेटोळं घालून ती दूध पिते ही निव्वळ थाप आहे, आणि त्या थापेपायी आजवर किती धामणी काठीखाली गेल्या असतील कोण जाणे. शिवाय वन्यजीव कायद्यानं तिला संरक्षण आहे.

नासधुशीपेक्षा मोठी भीती लेप्टोची. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसनं बरेच बळी घेतले. उंदीर-घुशींच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या भेगांत, जखमांत शिरतात. म्हणून बिळाशी काम करताना गमबूट आणि रबरी हातमोजे हवेत. मेलेली घूस उघड्या हातानं उचलू नये, खोल पुरावी. नंतर ताप भरला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर डॉक्टरांना बिळाचं काम केल्याचं आवर्जून सांगावं.

आणखी एक विनंती. हे काम एकट्या घरानं करून भागत नाही. आळीतल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात बिळं बुजवायला घ्यावीत, जमीन अजून ओली आहे तोवर. आणि भाऊबीजेनंतर मऊ पडलेल्या चकल्या, खवट शेव परसात फेकू नका.