कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडे : स्वयंसेवकाची शिदोरी

चंडीगड शहराच्या सेक्टर ३० मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेचे आवार आहे. ही संस्था १९५९ साली दिल्लीत स्थापन झाली व १९६२ मध्ये चंडीगडला आली. मोजमापाची सूक्ष्म साधने सिद्ध करणे हे तिचे कार्य होय. या सेक्टरमधील एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी सेवाकार्यासाठी उष्ण कटिबंधात जावयास निघाला, तर त्याला समुद्र ओलांडावा लागत नाही. चंडीगड सुमारे ३०.७ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरेच उत्तरेस वसले आहे. दक्षिणेकडे जाणाऱ्या आगगाडीने दिल्ली आणि झाशी मागे टाकली, की विदिशा व भोपाळ यांच्या दरम्यान ती कर्कवृत्त ओलांडते. खिडकीबाहेर काहीच बदललेले दिसत नाही. परंतु प्रवासी त्या क्षणी उष्ण कटिबंधात प्रवेश करतो.

त्याचा मुक्काम चंद्रपूर जिल्ह्याच्या मूल तालुक्यातील सोमनाथ येथे असेल. बाबा आमटे यांनी तेथे १९६७ साली तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली, आणि तेव्हापासून मे महिन्यात देशाच्या निरनिराळ्या भागांतून तरुण तेथे जमत आले आहेत. काहींचा मार्ग त्याहून पुढे, गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे जातो. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे १९७३ च्या डिसेंबरात माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्पाचे काम आरंभिले. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा बाहेरील जगाशी संपर्क तुटावा, हा अनुभव तेथील लोकांना वर्षानुवर्षे आला आहे. अशा ठिकाणी पाहुणा आजारी पडला, तर तो ज्या खाटेवर निजतो ती खाट दुसऱ्या कोणासाठी तरी मांडलेली असते. बोचके बांधावयास बसणाऱ्याने ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी.

सोमनाथचा अक्षांश सुमारे २० आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्याची क्रांतीही तितकीच होते. त्यामुळे ऐन छावणीच्या दिवसांत मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. चंडीगडच्या माणसाने हे दृश्य आपल्या गावी कधीच पाहिलेले नसते, कारण कर्कवृत्ताच्या उत्तरेस सूर्य माथ्यावर येतच नाही. चंद्रपूरकडे या दिवसांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेला, तर तेथील माणसांना त्याचे नवल वाटत नाही.

इतक्या उन्हात शरीर थंड राखण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घामाचे बाष्पीभवन झाले, की शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. मात्र घाम नुसता गळून उपयोग नाही. तो वाळला पाहिजे. म्हणून अंगाला चिकटून बसणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या कपड्यांपेक्षा सैल, फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे बरे. विदर्भातील शेतकरी डोक्याला उपरणे गुंडाळतो, ते उगीच नव्हे.

घाम गाळण्याची कलादेखील शरीराला शिकावी लागते. उष्ण हवेत रोज थोडे श्रम केले, की आठ ते पंधरा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातील मिठाचे प्रमाण घटते व हृदयावरील ताण कमी होतो. येथे एक अडचण उभी राहते. छावणी आठवड्याभराची, म्हणजे शरीर तयार होते न होते तोच परतण्याची वेळ येते. तेव्हा ही तयारी घरूनच व्हावयास हवी. मे महिन्यात चंडीगडही काही थंड नसते. निघण्यापूर्वीचे दोन आठवडे कूलरसमोर बसून काढण्यापेक्षा रोज सकाळी तासभर उन्हात चालावे. पिशवीत भरावयाच्या कोणत्याही वस्तूहून ही शिदोरी अधिक मोलाची ठरेल. इतके करूनही काम करता करता एखादा सोबती असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला व त्याचे अंग तापलेले लागले, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतीत राहावे, वारा घालावा आणि वाहन येण्याची वाट पाहत असताही हे थांबवू नये. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात मात्र पाणी ओतू नये.

ज्वरमापकाविषयी एक गमतीची पण उपयुक्त गोष्ट सांगावयास हवी. पाऱ्याच्या जुन्या ज्वरमापकावर खुणा साधारणपणे ४२ अंशांपर्यंतच असतात. उन्हात उभ्या मोटारीत अथवा पत्र्याखाली ठेवलेल्या पेटीत तापमान सहज याच्या वर जाते. मग पारा नळीच्या टोकाला भिडतो व काच तडकते. ज्वर मोजण्याचे साधन असे ज्वराच्या आधीच निकामी होते! यासाठी विजेरीवर चालणारा ज्वरमापक घ्यावा, व तोही औषधांबरोबर पिशवीच्या मध्यभागी, कपड्यांच्या घड्यांत ठेवावा.

आता मच्छरदाणीकडे वळू. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे परोपजीवी आढळले. गडचिरोली हा आजही महाराष्ट्रातील हिवतापाचा सर्वाधिक उपद्रव सोसणारा जिल्हा आहे, आणि तेथे आढळणारा फॅल्सिपेरम जातीचा हिवताप मेंदूपर्यंत पोहोचून प्राण घेऊ शकतो. तो पसरविणारी ॲनॉफिलिस डासाची मादी मुख्यतः संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावते. म्हणून कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी, दिवेलागणीपासून अंग झाकणारे कपडे आणि उघड्या त्वचेला लावावयाचे डासरोधक मलम ही तीन साधने सोबत असावी. प्रतिबंधक गोळ्या घ्याव्या की नाही, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे आहे. थोड्या मुक्कामासाठी बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात. ती निघण्यापूर्वी दोन दिवस सुरू करून परतल्यावरही चार आठवडे घ्यावी लागते. ती गर्भवती स्त्रियांना व लहान मुलांना चालत नाही, शिवाय तिच्यामुळे काहींची त्वचा उन्हाने लवकर भाजते.

मच्छरदाणी दुसरेही एक काम करते, आणि शहरातून आलेल्यांना ते ठाऊक नसते. मण्यार हा सर्प रात्री हिंडतो व जमिनीवर निजलेल्या माणसाला अंथरुणात दंश करतो. दंशाची वेदना इतकी थोडी असते, की पुष्कळदा माणूस जागाही होत नाही. पहाटे पापण्या जड होऊ लागतात, बोलणे अडखळते आणि शेवटी श्वास थांबतो. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी नीट खोचल्या, तर डासाबरोबर मण्यारीलाही अटकाव होतो. नुसती टांगून कडा मोकळ्या सोडलेली जाळी यासाठी निरुपयोगी होय. नाग, घोणस व फुरसे हे उरलेले तीन प्रमुख विषारी सर्प. त्यांच्यासाठी रात्री हाती विजेरी व पायांत बूट असावे. सकाळी बूट उलटे करून झटकल्यावाचून पाय घालू नये. महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्याने असंख्य प्राण वाचले. तरीही औषधापेक्षा बूट झटकणे स्वस्त आहे.

सर्पविषावरील लस बरोबर न्यावी, अशी हौस काहींना असते. ती सर्वथा टाळावी. या लसीनेच रोग्याला जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ती रुग्णालयातच द्यावयाची असते. दंश झालेल्याला धीर द्यावा, अवयव काठीला सैल बांधून स्थिर ठेवावा, जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये, आणि मांत्रिकाच्या दारी एक क्षणही न दवडता त्याला दवाखान्यात न्यावे.

पाण्याच्या बाबतीत बनगावची हकीकत प्रत्येक स्वयंसेवकाने वाचली पाहिजे. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या तेथील छावणीत पटकीने थैमान घातले. शिरेतून द्यावयाचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांच्या पुड्या कलकत्त्याहून आणविल्या व ते मिश्रण पाण्यातून रोग्यांना पाजण्यास नातेवाइकांनाच सांगितले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्युप्रमाण ३.६ टक्क्यांपर्यंत उतरले. आज अशा पुड्या कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतात; पाच-सहा तरी जवळ असाव्या. त्या संपल्यास एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. मीठ जास्त पडले तर अपाय होतो, तेव्हा येथे अंदाजाचा हात कामाचा नाही. पिण्याचे पाणी खळखळून उकळावे, अथवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे. पुष्कळजण गोळी टाकतात आणि तहानेपोटी लगेच पितात.

काळजी केवळ स्वतःसाठी घ्यावयाची नसते, हे हैतीच्या उदाहरणावरून दिसून आले. २०१० च्या ऑक्टोबरात त्या देशात पटकीची साथ उद्भवली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या एका तळावरील सांडपाणी नदीत मिसळले होते, आणि साहाय्यास आलेल्यांबरोबरच रोगजंतू तेथे पोहोचले होते. सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसांनी हैतीच्या जनतेची क्षमा मागितली. ताप अथवा जुलाब चालू असताना सेवेसाठी निघण्याचा हट्ट, मग तो कितीही सद्भावनेचा असो, दोषास्पदच मानावा लागेल. शिबिरात शौचकूप सोडून ओढ्याकाठी जाणारा स्वयंसेवकही त्याच वाटेने चाललेला असतो.

धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी. कुत्रे चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नेहमीची औषधे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक पुरतील इतकी घ्यावी, आणि सारे ओझे स्वतःच्या पाठीवर पेलवेल एवढेच ठेवावे. दुसऱ्याने उचलावयाची पेटी घेऊन श्रमदानास जाणे शोभत नाही.

विद्यार्थी सेक्टर ३० मध्ये परत येतो, कपडे धुतले जातात, मच्छरदाणी माळ्यावर जाते. हिवतापाचा परोपजीवी मात्र डास चावल्यापासून किमान सात दिवस यकृतात व रक्तात गुपचूप वाढत असतो. फॅल्सिपेरमचा ताप बहुधा महिन्याच्या आत येतो. व्हायवॅक्स जातीचा तर यकृतात दबा धरून कित्येक महिन्यांनीही डोके वर काढतो. तोवर सोमनाथची आठवण पुसट झालेली असते, आणि चंडीगडचा डॉक्टर हवापालटाचा ताप म्हणून गोळी देण्याचा संभव असतो. अशा वेळी रोग्याने पहिल्याच वाक्यात आपण गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात कोणत्या तारखांना होतो ते सांगावे व रक्ताची काचपट्टी त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावी. पहिली तपासणी निर्दोष आली आणि ताप उतरला नाही, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा करवावी.