जुना संगणक टाकून देण्यापूर्वी



आपला भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा. कोहळी मंडळींनी बांधलेले तलाव पिढ्यान्‌पिढ्या धानाला पाणी पुरवीत आले. पावसाळ्यापूर्वी पाळीवरून एक फेरी मारायची, खेकड्याने कुठे भोक पाडले असेल तर बुजवायचे, हा गावोगावचा शिरस्ता होता. पुढे १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि पुष्कळ ठिकाणी पाळीवर फेरी मारणारा माणूसच उरला नाही. पाळ काही एका दिवसात फुटली नाही. तिच्याकडे पाहणारे थांबले, म्हणून ती हळूहळू खचली.

हे आठवण्याचे कारण शाळांतले जुने संगणक. पुष्कळ शिक्षक मला विचारतात, “सर, शाळेतला संगणक दहाबारा वर्षांचा झाला. त्यावर लिनक्स आहे. अलीकडे संकेतस्थळे उघडत नाहीत. भंगारात द्यावा का?” माझे उत्तर असे की, आधी म्हातारे कोण झाले ते पाहा: यंत्र की त्यातल्या आज्ञावल्या?

लिनक्स म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. त्याभोवती जगभरच्या लोकांनी डेबियन, उबंटू अशा प्रणाली उभ्या केल्या. आपल्याकडे सी-डॅकने डेबियनच्या पायावर ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांची प्रणाली २००७ साली आणली. ह्या प्रणाली विनामूल्य मिळतात. पण विनामूल्य म्हणजे देखभालीवाचून चालणारी, असे नव्हे.

आज्ञावली जुनी झाली म्हणजे नेमके काय होते? तीन उदाहरणे घेऊ.

पहिले साधे आहे. रुपयाचे चिन्ह भारत सरकारने जुलै २०१०मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते युनिकोड ह्या जागतिक अक्षरसंचात आले. त्यापूर्वीचा टंक ज्या यंत्रात आहे, तिथे रुपयाच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. पडद्यात दोष नसतो. यंत्राला ते अक्षर कोणी शिकवलेलेच नसते.

दुसरे उदाहरण शिक्क्याचे. दाखल्यावरचा शिक्का ओळखीचा असेल तरच आपण दाखला खरा मानतो. संगणकही संकेतस्थळ उघडताना त्याचा शिक्का तपासतो, आणि ओळखीच्या शिक्क्यांची यादी जवळ बाळगतो. असंख्य संकेतस्थळे ज्या एका मूळ शिक्क्यावर विसंबून होती, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. ज्या यंत्रांत नव्या शिक्क्याची नोंद वेळेवर आली होती, त्यांना काही कळलेही नाही. ज्यांची यादी जुनी होती, ती चांगल्या संकेतस्थळांनाही ‘विश्वासपात्र नाही’ म्हणू लागली.

तिसरे पाळीच्या भोकाचे. ओपन-एसएसएल ह्या गुप्तलेखनाच्या आज्ञावलीत २०१२पासून एक चूक लपून होती. तिच्यातून परक्याला सर्व्हरच्या स्मरणातला मजकूर, प्रसंगी परवलीचे शब्दही, वाचता येत. एप्रिल २०१४मध्ये ती उघडकीला आली आणि दुरुस्ती त्याच दिवशी निघाली. परंतु ज्याने दुरुस्ती बसवली नाही, त्याचे भोक उघडेच राहिले. शिवाय आता ते साऱ्या जगाला ठाऊक झाले होते. ‘लिनक्सला काही होत नाही’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता ही दुरुस्ती किती वर्षे मिळते? उबंटूच्या आवृत्तीचा आकडा म्हणजे तिची जन्मतारीखच. १८.०४ म्हणजे २०१८चा एप्रिल. दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये निघणाऱ्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे मोफत दुरुस्ती मिळते. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. त्या हिशेबाने १८.०४ची मुदत मे २०२३मध्ये आणि २०.०४ची मे २०२५मध्ये संपली. २२.०४ची २०२७पर्यंत आणि २४.०४ची २०२९पर्यंत आहे. मुदत संपली तरी यंत्र सुरू होते, टंकलेखन होते. म्हणूनच माणूस फसतो. पाळीवर फेरी मारणारा गेला, हे तलावाकडे पाहून कळत नाही.

तेव्हा करायचे काय? प्रथम ‘सेटिंग्ज’मधल्या ‘अबाउट’ ह्या पानावर आवृत्तीचा आकडा पाहा. मुदत शिल्लक असेल तर काम सोपे आहे. टर्मिनल उघडून दोन आज्ञा द्यायच्या. त्या रोमन लिपीत टंकायच्या असतात. मी उच्चार सांगतो. पहिली, ‘सुडो ॲप्ट अपडेट’. हिने नवा माल येत नाही, मालाची नवी यादी तेवढी येते. दुसरी, ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’. ही त्या यादीप्रमाणे जुन्या आज्ञावल्या बदलून नव्या बसवते. पुष्कळ जण पहिलीच देऊन उठतात आणि काम झाले असे समजतात. म्हणजे दुकानातून भावपत्रक आणले आणि तांदूळ आणायचे राहिले!

मुदत संपली असेल तर पुढच्या आवृत्तीवर जावे लागते. उबंटूत दीर्घ मुदतीच्या एका आवृत्तीवरून लगतच्या दुसरीवरच जाता येते, १८.०४वरून एकदम २२.०४वर उडी नाही. दोनतीन पायऱ्या मागे राहिला असाल, तर नवी प्रणाली कोरी बसवणे बरे. मात्र दोन्ही वाटांवर पहिले पाऊल एकच: आपल्या फायलींची दुसऱ्या जागी नक्कल.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. २०२३च्या जूनमध्ये पवनीकडच्या एका गावी निवृत्त गुरुजींचा संगणक मी १८.०४वरून पुढे नेत होतो. गुरुजींनी अकरा वर्षे झाडीबोलीचे शब्द आणि दंडारीची गाणी त्यात टिपली होती. नक्कल उद्या करू म्हणालो आणि काम सुरू केले. अर्ध्यात वारा सुटला, वीज गेली. वीज आली तेव्हा पडदा काळाच. गुरुजींनी एवढेच विचारले, “गेले का जी सारे?” मला उत्तर देता येईना.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने यंत्र सुरू केले. ‘होम’ ह्या कप्प्यात गुरुजींचे सारे शब्द जागच्या जागी होते. प्रणालीची सामग्री एकीकडे आणि माणसाच्या फायली दुसरीकडे, अशी लिनक्सची रचना असल्यामुळे ते वाचले. आधी नक्कल केली, मग अर्धवट राहिलेली मांडणी पुरी करण्याची आज्ञा दिली, आणि यंत्र उठले. पण ती रात्र मी विसरलो नाही. वीज जाणाऱ्या दिवसांत हे काम बॅटरीच्या आधारावाचून करू नये, हेही तेव्हाच शिकलो.

राहिला प्रश्न फारच जुन्या यंत्रांचा. टर्मिनलमध्ये एल, एस, सी, पी, यू ही पाच अक्षरे सलग टंका. वरच्या ओळींत ३२-बिट आणि ६४-बिट असे दोन्ही आकडे दिसले, तर यंत्र ६४-बिटचे आहे, मग आज त्यावर प्रणाली कोणतीही असो. अशा यंत्राची मेमरी चार जीबीहून कमी असेल, तर लुबंटू किंवा झुबंटू ही हलकी भावंडे बसवा. मात्र त्यांची मुदत तीनच वर्षांची असते. नुसते ३२-बिट दिसले तर वाट अरुंद आहे. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ने अशा यंत्रांसाठी स्थापनेचा संच देणे बंद केले. डेबियन १२ त्यांवर बसते आणि तिचा सांभाळ जून २०२८पर्यंत आहे. त्यानंतर अशा यंत्रावर मुलांनी टंकलेखन शिकावे, पण ते इंटरनेटला जोडू नये.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एकच विनंती. प्रत्येक संगणकावर एक चिठ्ठी डकवा. तिच्यावर आवृत्तीचे नाव, मुदत संपण्याचे वर्ष, आणि महिन्यातून एकदा त्या दोन आज्ञा कोण देणार त्याचे नाव लिहा. आठवीनववीतल्या एखाद्या मुलीकडे हे काम सोपवले, तर ती ते आपल्याहून चोख करील.