विकणाराही यादवीतला एक पक्ष

नागपुरातले मनीषनगरकर उज्ज्वलनगर स्थानकावरून मेट्रोने ज्या सीताबर्डीला जातात, तिथल्या टेकडीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी नागपूरकर भोसल्यांची फौज ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींशी लढली आणि हरली. त्या पलटणींना नागपुरात पाय ठेवायला जागा कशी मिळाली, हे पाहिले की शस्त्रबळाच्या खरेदी-विक्रीतला धोका नीट कळतो. नागपूरचे राजे दुसरे रघूजी भोसले यांनी कंपनीची तैनाती फौज अखेरपर्यंत टाळली होती. मार्च १८१६ मध्ये ते वारले. गादीवर आलेले परसोजी आजारी होते. त्यांच्या नावाने कारभार कोणी करायचा, यावरून वाड्यात तट पडले. एकीकडे रघूजींच्या राणी बाकाबाई आणि धर्माजी भोसले, दुसरीकडे परसोजींचे चुलतभाऊ आप्पासाहेब. घरचे पारडे आपल्याकडे झुकवायला आप्पासाहेबांनी बाहेरचे बळ घेतले. मे १८१६ मध्ये कंपनीचा रेसिडेंट जेंकिन्स याच्याशी करार झाला: फौज कंपनीची आणि तिच्यासाठी दरबाराने वर्षाला साडेसात लाख रुपये मोजायचे. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजींचा खून झाला आणि आप्पासाहेब राजे झाले. त्याच नोव्हेंबरात ते कंपनीवर उलटले, तेव्हा समोर उभे होते ते त्यांनीच दार उघडून दिलेले सामर्थ्य. १८१८ मध्ये त्यांचे राज्य गेले, कारभार जेंकिन्सच्या हाती आला आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा झाले.

पेंढाऱ्यांचा उपद्रव होता, १८०९ मध्ये अमीरखान चालून आला होता, मग संरक्षण नको होते का, असे कोणी विचारील. संरक्षण हवेच होते. पण त्याच संकटांत रघूजी कंपनीला नकार देऊ शकले, कारण त्यांच्या गादीला घरातून आव्हान नव्हते. भाऊबंदकीत अडकलेल्या गिऱ्हाइकाला घासाघीस करता येत नाही. आपण नाही म्हटले तर तोच सौदा प्रतिस्पर्धी करील, ही भीती त्याच्या मानेवर असते. विकणारा नेमकी तीच भीती वसूल करतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कंपनी राज्य कमवायला निघाली होती, कारखानदार फक्त माल विकतो. अमेरिकेच्या यादवीने याचे उत्तर दिले आहे. १८६१ मध्ये दोन्ही पक्षांचे दलाल इंग्लंडात एनफील्ड रायफली घेत होते. दक्षिणेने लेअर्ड कंपनीकडून ‘अलाबामा’ हे जहाज बांधून घेतले. १८६२ मध्ये ते इंग्लंडहून निघाले तेव्हा त्यावर तोफा नव्हत्या; त्या अझोर बेटांजवळ चढवल्या गेल्या. त्याने उत्तरेची अनेक व्यापारी जहाजे बुडवली. नुसते जहाज विकले, ही सबब चालली नाही. १८७२ मध्ये जिनिव्हाच्या लवादाने अशा जहाजांबद्दल ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलर भरायला लावले.

आज नागपूर विकणाऱ्यांच्या बाजूला आहे. अंबाझरीला आयुध निर्माणी आहे, यंत्र इंडिया या सरकारी शस्त्रनिर्मिती कंपनीचे मुख्यालय इथे आहे, शस्त्रनिर्यात वाढवणे हे देशाचे धोरण आहे. देशाच्या सैन्यासाठी हे कारखाने हवेत आणि त्यांतल्या रोजगाराचे मोलही मोठे आहे. पण आपण नाही विकले तर दुसरा विकेल, एवढ्या युक्तिवादाने जबाबदारी दुसऱ्याची होत नाही. म्हणून फुटायला आलेल्या देशातून मागणी आली, तर ते शस्त्र कोणाच्या हाती जाणार आणि कोणावर रोखले जाणार, हे परवाना देण्यापूर्वी विचारले गेले पाहिजे आणि मिळालेले उत्तर संसदेसमोर आले पाहिजे.