ट्रॅक्टरची हवागाळणी : तेलाची की कागदाची?

वर्धा जिल्ह्यातील काळी जमीन कापूस, सोयाबीन व तूर या पिकांना मानवते; ट्रॅक्टरच्या इंजिनास मात्र तिची धूळ मानवत नाही. एप्रिल-मे महिन्यांत कोरड्या रानात नांगरणी व रोटाव्हेटरची कामे चालतात. पुढे सोयाबीन, तूर व हरभरा यांच्या मळणीच्या वेळी भुशाचे लोट उठतात. हीच हवा इंजिन आत ओढून घेत असते.

एक लिटर डिझेल पूर्णपणे जळण्यास सुमारे १० हजार लिटर हवा लागते. अडीच लिटर क्षमतेचे चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटास २,००० फेऱ्यांनी चालत असल्यास ते तासाला जवळजवळ दीड लाख लिटर हवा घेते. धुळीतील वाळूचे सूक्ष्म कण तेलात मिसळले म्हणजे ते कानशीप्रमाणे काम करतात. पिस्टनच्या रिंगा व लायनर झिजतात, इंजिन ऑइल जळू लागते, धूर निळसर येतो व ताकद घटते. ऐन पेरणीच्या तोंडावर इंजिन खोलावे लागल्यास खर्च तर होतोच, शिवाय वाफसाही हातचा जातो.

हे टाळण्यासाठी ट्रॅक्टरवर दोन प्रकारच्या गाळण्या आढळतात.

तेलाची गाळणी : हिच्या तळाशी तेलाची वाटी व वर तारेची जाळी असते. आत येणारी हवा तेलावर आपटून वळते. जड कण तेलात अडकतात व उरलेले ओल्या जाळीस चिकटतात. ही गाळणी धुऊन वर्षानुवर्षे वापरता येते. तथापि ती साधारणपणे ९५ ते ९८ टक्केच धूळ अडविते आणि इंजिन मंद चालत असता किंवा ट्रॅक्टर उतारावर कललेला असता तिचे काम आणखी कमी पडते. धुळीच्या हंगामात वाटी रोज पाहावी. तळाशी गाळ साचल्यास अथवा तेल घट्ट झाल्यास ते बदलावे व जाळी डिझेलने धुऊन निथळू द्यावी. तेल खुणेपर्यंतच भरावे. अधिक भरल्यास ते इंजिनात ओढले जाते व इंजिन अनावर होण्याचा धोका असतो.

कागदाची गाळणी : घड्या घातलेल्या विशेष कागदाची ही गाळणी ९९ टक्क्यांहून अधिक धूळ अडविते, इंजिन मंद असो वा वेगात, तिच्या कामात फारसा फरक पडत नाही. मात्र ती ठराविक काळाने बदलावीच लागते. साफ करताना हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोपेक्षा अधिक नसावा व झोत आतून बाहेर सोडावा. गाळणी दगडावर आपटू नये. डिझेलने धुऊ नये. आत दिवा धरून पाहावे. छिद्रातून उजेड आल्यास ती टाकून द्यावी. आतील लहान सुरक्षा गाळणी साफ न करता बदलावयाची असते.

निवड कशी करावी? गाळणीचे घर ज्या प्रकारासाठी बनविलेले असते, तोच प्रकार त्यात वापरावा. मनाने अदलाबदल करू नये. नवीन ट्रॅक्टर घेताना मात्र विचार करता येतो. रोटाव्हेटर व मळणीची भाड्याची कामे दिवसभर चालणार असतील, तर कागदाची गाळणी श्रेयस्कर होय. एका गाळणीची किंमत इंजिन दुरुस्तीच्या मानाने अल्पच असते. काम बेताचे आहे, सुटे भाग मिळण्याचे ठिकाण दूर आहे आणि मालक स्वतः रोज देखभाल करतो, तेथे तेलाची गाळणीही समाधानकारक सेवा देते. मोटारगाडीसाठी धुऊन वापरावयाच्या तेलकट सुती गाळण्या मिळतात. त्यांतून बारीक धूळ अधिक निसटत असल्याने कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीस कागदाचीच गाळणी बरी.

गाळणी कोणतीही असो, तिच्यापुढील रबरी नळीस चीर पडलेली असल्यास किंवा पट्टा सैल असल्यास सर्व दक्षता व्यर्थ ठरते. नळीच्या आतील बाजूस बोट फिरवावे. धूळ लागल्यास गळती आहे असे समजावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नांगरणीपूर्वी ट्रॅक्टरधारकांना एकत्र करून ही तपासणी प्रत्यक्ष दाखवावी. दहा मिनिटांच्या या कामाने इंजिनाचे आयुष्य निश्चित वाढते.