लोकरीचा धडा, मेंढीपासून मातीपर्यंत

'लोकर' म्हटले की शहरातील मुलांच्या डोळ्यांसमोर दुकानातले रंगीबेरंगी गुंडे उभे राहतात. त्यातील बहुतेक गुंड्यांचा मेंढीशी काहीही संबंध नसतो. ते असतात अॅक्रिलिकचे, म्हणजे खनिज तेलापासून बनलेल्या, प्लास्टिकच्याच कुळातील धाग्याचे. नाव लोकरीचे आणि वस्तू प्लास्टिकची, अशी ही गंमत आहे. पर्यावरणाचे धडे पाठ करणाऱ्या पिढीला अंगावरचा कपडा कशाचा आहे, हे मात्र सांगता येत नाही.

एनसीईआरटीच्या सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात लोकर आणि रेशीम यांवर एक पाठ होता. लोकर कातरणे, धुणे, तिची प्रतवारी करणे, ती रंगवणे आणि तिचे सूत काढणे हे टप्पे त्यात दिलेले होते. २०२२ मध्ये अभ्यासक्रमाचा भार हलका करताना तो वगळण्यात आला. तरीही हा विषय शिकवणे अवघड नाही. मूठभर कच्ची लोकर आणि थोडे अॅक्रिलिक एवढे साहित्य त्यासाठी पुरेसे आहे.

तीन सोपे प्रयोग

पहिला प्रयोग ज्योतीचा. तो शिक्षकांनी स्वतः, चिमट्यात धागा धरून करावा. लोकर सावकाश जळते, ज्योत दूर नेताच बहुधा विझते आणि जळक्या केसांसारखा वास येतो. तिची राख बोटांनी चुरडता येते. अॅक्रिलिक मात्र वितळत, भराभर जळते आणि मागे कडक मणी उरतो. लोकर केराटिन या प्रथिनाची बनलेली असते. आपले केस आणि नखे यांतही तेच प्रथिन असते, हे कळले की त्या वासाचे कोडे सुटते.

दुसरा प्रयोग पाण्याचा. घोंगडीवर टाकलेला थेंब काही काळ तसाच राहतो. तंतूचा पृष्ठभाग पाणी दूर सारतो, मात्र त्याचा गाभा हवेतील बाष्प शोषून घेतो. आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा सामावूनही लोकर हाताला ओली लागत नाही. घोंगडीची खोळ पांघरून भर पावसात रानात उभ्या राहणाऱ्या मेंढपाळाला हे विज्ञान अनुभवाने ठाऊक होते.

तिसरा प्रयोग मातीचा. दोन्ही तुकडे कुंडीत पुरून काही महिन्यांनी उकरून पाहायचे. लोकरीच्या प्रसारासाठी ब्रिटनचे तत्कालीन युवराज चार्ल्स यांनी २०१४ मध्ये लंडनमधील आपल्या बागेत एक लोकरीचा आणि एक कृत्रिम धाग्याचा स्वेटर पुरला होता. काही महिन्यांनी लोकरीचा कुजून गेला, दुसरा जसाच्या तसा राहिला. कुजताना लोकर मातीला नत्र आणि गंधक देते. कृत्रिम कपडे प्रत्येक धुण्यात प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू पाण्यात सोडतात.

घोंगडीमागचे अर्थकारण

महाराष्ट्रातील मुलांसाठी हा विषय दूरदेशीचा नाही. दख्खनी मेंढी याच पठारावरची. तिच्यामागे रानोमाळ फिरणारा धनगर, वर्षातून दोनदा होणारी लोकर कातरणी, मागावर घोंगडी विणणारा सणगर, तिला दिली जाणारी चिंचोक्याची खळ आणि खतासाठी शेतात मेंढ्या बसवून घेणारा शेतकरी, अशी ही साखळी आहे. यात वाया जाणारे काहीच नव्हते.

आता ही साखळी तुटू लागली आहे. दख्खनी लोकर जाड आणि राठ. मऊ मेरिनो आणि स्वस्त ब्लँकेट यांच्यापुढे तिला गिऱ्हाईक उरले नाही. अनेक ठिकाणी कातरणीचा खर्चही निघत नसल्याने लोकर रानातच टाकून दिली जाते. मेंढपाळ मांसासाठी माडग्याळसारख्या मेंढ्यांकडे वळले आहेत. जाड लोकरीची ही व्यथा न्यूझीलंडनेही अनुभवली आहे. कृत्रिम गालिच्यांनी तिथल्या लोकरीचा बाजार हिरावला. तेथे मालवाहू कंटेनरचे फिरत्या वर्गात रूपांतर करून, लोकरीचे प्रात्यक्षिक प्राथमिक शाळांच्या दारी नेण्याचा उपक्रम राबवला गेला. उद्याचा ग्राहक आजच्या वर्गात बसलेला असतो, हा त्यामागचा विचार.

मात्र नैसर्गिक म्हणजे निर्दोष, असे मुलांच्या मनावर बिंबवणे चुकीचे ठरेल. मेंढ्या मिथेन वायू सोडतात आणि अतिचराईने माळ उजाड होतो. ऑस्ट्रेलियात माश्यांचा उपद्रव टाळण्यासाठी मेरिनो मेंढ्यांच्या शेपटीजवळची कातडी कापण्याच्या प्रथेवर तीव्र टीका झाली आहे. म्हणूनच कपडा कुठून आला, किती वर्षे टिकला आणि शेवटी कुठे गेला, हे तीन प्रश्न प्रत्येक धाग्याला विचारण्याची सवय मुलांना लागायला हवी. पिकानंतरच्या शिवारात आणि पडीक रानात चरणाऱ्या मेंढीची, अनेक वर्षे टिकणारी घोंगडी या कसोटीवर बरीच उजवी ठरते.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्या निमित्ताने भाषणे आणि घोषवाक्ये होतील. त्यापेक्षा शाळांनी मेंढपाळाला योग्य दाम देऊन थोडी कच्ची लोकर आणावी, सूत कातून दाखवायला एखाद्या जाणत्या कारागिराला मानधन देऊन वर्गात बोलवावे. मुलांना धडा मिळेल आणि रानात फेकल्या जाणाऱ्या लोकरीला मोल आहे, हे ती पिकवणाऱ्यालाही दिसेल.